हाफिजाच्या मापाची रायफल

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात बदरुद्दीनचं काम फ्रिजच्या कंटेनरांवर. मासे, मांस, फळं भरलेले ते पांढरे डबे रांगेने उभे असतात, आणि प्रत्येकाच्या अंगावरच्या छोट्या पडद्यावर आतलं तापमान दिसतं. रांगेतून फिरायचं, आकडा बघायचा, बिघाड असेल तर पॅनल उघडून दुरुस्त करायचा. बाहेर अंगाची लाही होत असते आणि पत्र्याच्या पलीकडे उणे अठरा. या कामात बोलायला माणूस लागत नाही. रेडिओवर "ओके", "खलास", "यल्ला, नेक्स्ट" एवढ्यावर दिवस निघतो. बदरुद्दीनची बरीच वर्षं अशीच निघाली होती.

त्याचं गाव दापोलीकडचं. बायको हाफिजा तिथे एकटी असायची. मुलगी अरफा पुण्याला फार्मसी शिकत होती. बदरुद्दीन वर्षाकाठी महिनाभर घरी जायचा, आणि उरलेल्या अकरा महिन्यांत घर फोनवरून चालवायचा. विहिरीवर कोणता पंप बसवायचा, न्हाणीघराला कोणत्या रंगाची फरशी, आंबा कोणाला द्यायचा, सगळं खोलीतल्या खाटेवर बसून तो ठरवायचा. हाफिजा "बरं" म्हणायची. त्या "बरं"वर त्याचा मोठा भरवसा होता. इथे त्याला कोणी विचारत नसलं तरी तिथे आपल्यावाचून पान हलत नाही, या समजुतीवर तो दिवस काढायचा.

गावाकडे रानडुकरांनी उच्छाद मांडला होता. रताळ्याचा वाफा एका रात्रीत नांगरल्यासारखा व्हायचा, सुरण उपटून टाकलेला, भाताची लोंबी चिखलात. बदरुद्दीनच्या वडिलांकडे ठासणीची जुनी बंदूक होती. ते गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा झाली आणि तिथेच गंजली. हाफिजाने मग स्वतःच्या नावाने परवान्याचा अर्ज केला. ती कचेरीत खेटे घालते हे बदरुद्दीनला माहीत होतं, पण बाईमाणसाला कोण बंदूक देतंय, अशा विचाराने त्याने त्या गोष्टीत कधी लक्ष घातलं नाही.

आणि एका सकाळी त्याच्या फोनवर परवान्याचा फोटो आला. खाली हाफिजाचा आवाज रेकॉर्ड केलेला होता. "मिळाला. रायफलीचा. डुकरं मारायला वनखात्याचं पत्रही होतंय. ठरलेल्या मुदतीत रायफल घ्यावी लागते म्हणाले."

दोन रांगांच्या मधल्या सावलीत उभं राहून त्याने तो निरोप तीनदा ऐकला. मग लगेच फोन लावला.

"तू काही करू नकोस," तो म्हणाला. "मी चौकशी करतो. दोन हजार दिरहमपर्यंत जमवतो. म्हणजे आपले सेहेचाळीस हजार. अरफाची फी भरायची आहे, त्याच्या वर नाही जाता येणार."

"बरं," हाफिजा म्हणाली.

त्या दिवसापासून बदरुद्दीनला एक उद्योग मिळाला. ड्युटीवरून आला की जेवण तसंच ठेवून तो रायफलींचे व्हिडिओ बघायचा. बोल्टवाली रायफल म्हणजे काय हे त्याला आता पाठ झालं. एक गोळी झाडली की हाताने दांडी उचलून मागे ओढायची, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे ढकलली की दुसरं आत बसतं. भानगडी कमी, म्हणून टिकाऊ, आणि त्यातल्या त्यात स्वस्त. सरकारी कारखान्यातली तीनशे पंधरा बोअरची नवी घ्यायची तर बजेटच्या कितीतरी पुढे जात होती. पॉइंट टू टू ही बारीक गोळीची, हलकी, धक्काही नाही म्हणण्याइतका, आणि किंमत आवाक्यात. बायकांच्या हाताला तीच बरी, असं त्याने ठरवून टाकलं. आवडलेला प्रत्येक व्हिडिओ तो अरफाला पाठवायचा आणि आईला समजावून सांग म्हणायचा.

"बदरूभाई, लढाईपर जा रहे क्या?" खोलीतला केरळचा मुनीर हसायचा. पण कित्येक महिन्यांनी बदरुद्दीन स्वतःहून बोलत होता, म्हणून तोही शेजारी बसून बघायचा.

एका शुक्रवारी नमाजनंतर बदरुद्दीन अबू सैफकडे गेला. अबू सैफ हा बंदराच्या गेटवरून निवृत्त झालेला इमिराती म्हातारा. डोंगराच्या पायथ्याला त्याची खजुराची बाग होती. जुनी ओळख, म्हणून बदरुद्दीन अधूनमधून त्याच्या पंपाची वायरिंग बघून द्यायचा. त्याच्याकडे शिकारीची लायसन्सची रायफल आहे हे त्याने ऐकलं होतं.

अबू सैफने गाहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतली, सगळं ऐकून घेतलं, फोनवरचं पॉइंट टू टूचं चित्र डोळ्यांजवळ धरून पाहिलं.

"ये किसके वास्ते? कबूतर?"

"जंगली सूअर, बाबा."

"सूअर?" म्हातारा मनापासून हसला. "इससे मारेगा तो वो पीछे देखेगा, कौन बुलाया. फिर तुमको मारेगा." मग तो गंभीर झाला. "चलाएगा कौन?"

बदरुद्दीनला क्षणभर वाटलं, खोटंच कुणा भावाचं नाव सांगावं. पण तो म्हणाला, "मेरी बीवी."

अबू सैफ हसला नाही. आत जाऊन आपली रायफल घेऊन आला. बोल्ट काढून बाजूला ठेवला, नळीतून उजेडाकडे पाहिलं, मग बदरुद्दीनच्या हाताचं कोपर वाकवून रायफलीचा दस्ता त्या खोबणीत टेकवला. बदरुद्दीनचं बोट बरोबर चापावर आलं.

"देखो. पैसा कम है तो पुराना लो, लेकिन नली अच्छा देखो. लकडी खराब, चलेगा. नली खराब, खलास. और बंदूक कंधे के नाप का होना. बडा हुआ तो कंधा तोडेगा. तुम्हारी बीवी का हाथ कितना लंबा?"

 बदरुद्दीनने आपला हात तसाच वाकवलेला ठेवला. हाफिजा त्याच्या खांद्याला लागते की हनुवटीला, हे त्याला आठवेना. फोनवर ती रोज दिसायची, पण छातीपासून वर. तिचे हात त्याला आठवायचे ते भाकरी थापताना, आणि त्या आठवणीतल्या हातांत हिरव्या बांगड्या होत्या. तसल्या बांगड्या तिने घालायचं सोडून किती वर्षं झाली असतील?

"पूछके बताता हूँ," तो म्हणाला.

संध्याकाळी समुद्रकाठच्या कॉर्निशवर बाकावर बसून त्याने फोन लावला. समोर पोरं पाण्यात शिरली होती, कुटुंबं चटया टाकून बसली होती, कबाबचा धूर येत होता.

"हाफिजा, तुझा हात किती लांब आहे?"

पलीकडे ती हसली. "काय झालं तुम्हाला?"

"अगं, कोपरापासून बोटापर्यंत. दस्त्याचं माप घ्यायचंय."

हसू थांबलं. 

"बंदूकवाल्याने घेतलं माप," ती म्हणाली. "तेरा इंचांना थोडं कमी. दस्ता लांब होत होता, तो कापून दिला त्याने."

"कोणता बंदूकवाला? कसला दस्ता?"

"कोल्हापूरचा. मोहिद्दीनमामूंना घेऊन गेले होते. तीन रायफली खांद्याला लावून बघितल्या. एक फार जड. एकीची दांडी अडखळत होती. तिसरी जुनी तीनशे पंधरा, एका रिटायर माणसाची. लाकडावर ओरखडे आहेत, पण नळी आतून चकचकीत. त्याने पन्नास हजार सांगितले, मी चाळीसला आणली. माझ्याकडे काजूचे पैसे होते."

"आणली? म्हणजे घेतलीस?"

"घेतली. पोलीस ठाण्यात नोंदही झाली."

बदरुद्दीन उभा राहिला. "मला विचारायचं नाही का? मी इथे चार आठवडे..."

"तुम्हाला विचारलं असतं तर पॉइंट टू टू घ्यायला लावली असती," हाफिजा शांतपणे म्हणाली. "आणि मी बरं म्हटलं असतं."

त्याने फोन ठेवला. मग अरफाला लावला. आईची तक्रार करायला दुसरं कोणी नव्हतंच. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अब्बा, इट्स हर रायफल. शी हॅज टु होल्ड इट, ना?"

पुढचे काही दिवस त्याने घरी फोन केला नाही. हाफिजा आपणहून करेल, विचारेल, रागावलात का म्हणेल, अशी त्याची अपेक्षा होती. रांगांतून फिरताना तो खिशातला फोन चाचपायचा. फोन आला नाही. तेव्हा एक गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि तो एका कंटेनरच्या सावलीत बसून राहिला. पंप असो, फरशी असो, हाफिजाने विचारलं होतं ते त्याला बरं वाटावं म्हणून. घर त्याच्यावाचून केव्हाच चालायला लागलं होतं. आणि तिचं हे औदार्य त्याने इतकी वर्षं आपला हक्क म्हणून वापरलं होतं.

त्या दिवशी मुनीरने बिर्याणी केली होती. बदरुद्दीनने दोन घास खाल्ले आणि व्हिडिओ कॉल लावला.

हाफिजा पडवीत बसली होती. चेहरा उतरलेला.

"बरं नाही का?"

"काल सांजेला झाडली," ती म्हणाली. "पहिल्यांदाच. वनखात्याचा माणूस होता, मामू होते. डुक्कर बांधावरून उतरलं नि मी चाप ओढला."

"लागली?"

"कुठली! मातीत गेली. पण आवाजाने सगळा कळप डोंगरापलीकडे पळाला. आज एकही आलं नाही." ती थांबली. मग इकडेतिकडे बघून तिने ओढणी बाजूला केली, झग्याचा गळा जरा सरकवला. खांद्याच्या खाली खोलगटात तळहाताएवढा काळानिळा डाग होता. "मी घट्ट धरली नव्हती. धक्क्याने हे झालं."

बदरुद्दीन त्या डागाकडे बघत राहिला. कित्येक वर्षांत त्याने तिच्या खांद्याकडे असं पाहिलं नव्हतं.

"मलम कोण लावतं?"

"कोण लावणार?" हाफिजा म्हणाली. "मीच. डाव्या हाताने."

 मुनीरने उगाच भांडी उचलली आणि तो बाहेर गेला.

भातकापणीच्या आधी बदरुद्दीनने रजा टाकली आणि घरी गेला. पहिल्याच दिवशी त्याने रायफल हातात मागितली. हाफिजाने आधी बोल्ट उघडून आत काडतूस नसल्याचं दाखवलं, मग दिली. कापलेला दस्ता त्याला आखूड पडला, कोपर विचित्र वाकलं. त्याने ती मुकाट्याने परत केली. सांजेला दोघं शेतातल्या राखणीच्या माळ्यावर जाऊन बसली. तो कोल्हापूरच्या बंदूकवाल्याविषयी काहीतरी विचारायला लागला तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं. अंधार पडेपर्यंत तो तिच्या शेजारी गप्प बसला. ती वाऱ्याचा अंदाज घेत होती, कान देत होती, आणि तो तिथे आहे हे मधेच विसरत होती. डुकरं आली नाहीत.

घराकडे जाताना टॉर्च घेऊन ती पुढे चालत होती. बांधावर तो थांबला.

"हाफिजा, मी परत नाही गेलो तर?"

तिने वळून पाहिलं, टॉर्च खाली धरून. इतक्या वर्षांच्या सवयीचं "बरं" तिच्या तोंडून आलं नाही. तिने खरोखर विचार केला.

"अरफाचं शेवटचं वर्ष आहे. ते होऊ द्या," ती म्हणाली. "मग या. पण घरात दोन माणसांची सवय करावी लागेल. तुम्हाला आणि मलाही. ती एका दिवसात नाही व्हायची."

"इन्शाल्ला," बदरुद्दीन म्हणाला.

महिन्याने तो खोर फक्कानला परतला. आता तो घरी रोज फोन करतो, पण सांजेला नाही, कारण तेव्हा ती माळ्यावर असते. सकाळी तीच लावते. काय ठरवलं ते सांगते. तो ऐकतो, आणि कधी कधी ती विचारते, "तुम्हाला काय वाटतं?" तेव्हा उत्तर द्यायला त्याला थोडा वेळ लागतो.