भामरे फौजींचा उजवा खांदा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही — आणि तिला तर मी दाढ ठणकली तरी फोन करते. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून कदाचित तुमच्याशी बोलता येईल.

मी सिल्वासात एका मराठी शाळेत कवायत शिकवते. मूळची कुडाळकडची. नोकरीमुळे टोकरखाड्याच्या क्वार्टर्समध्ये आले आणि इथलीच झाले. लग्नाआधी फौजेत जायचं वेड होतं. घरच्यांनी अर्जसुद्धा भरू दिला नाही. मग ते वेड भलतीकडून बाहेर पडलं. फौजींच्या गणवेशावर खांद्यावरून निघून खिशात शिरणारी एक विणलेली दोरी असते, लॅनियार्ड म्हणतात तिला — त्या दोऱ्या मी जमवू लागले. कपाटाचे दोन खण भरलेत. प्रत्येक दोरी पुठ्ठ्यावर टाचलेली, खाली माझ्या अक्षरात चिठ्ठी: कुठली पलटण, कुठला खांदा. नवरा म्हणतो, आमच्या घरी कपडे वाळत घालायला तेवढी दोरी नाही, बाकी सगळ्या आहेत.

गावात याचं कौतुक झालं. झेंडावंदनाच्या दिवशी बँडवाले, वॉचमन, बालवीर — सगळे आधी माझ्यासमोर उभे राहायचे. बाईंची नजर चुकत नाही, असं लोक म्हणायचे. आपलं कौतुक कुणाला नको असतं? पण मला ते खरं वाटायला लागलं होतं.

भामरे धुळ्याकडचे. फौजेतून निवृत्त होऊन आमलीतल्या एका कारखान्याच्या गेटवर राखणीला होते. सगळे त्यांना फौजी म्हणत. त्यांची वैशाली नववीत, माझ्या कवायत पथकाची प्रमुख. काटक, शिस्तीची, माझा शब्द झेलणारी पोर. खरं सांगायचं तर माझी लाडकी. त्या वर्षी प्रजासत्ताक दिनाला शाळेनं एका माजी सैनिकाचा सत्कार करायचा ठरवला, तेव्हा मीच भामऱ्यांचं नाव पुढे केलं. हे आवर्जून सांगते, कारण माझ्या मनात त्यांच्याविषयी वाकडं काही नव्हतं.

ते आले. जपून ठेवलेला गणवेश, कडक इस्त्री, बुटात तोंड दिसेल असं पॉलिश. आणि दोरी उजव्या खांद्यावर.

आमच्या पथकात दोरी डावीकडे असते. बहुतेक ठिकाणी डावीकडेच. पाहुणे खुर्च्यांवर बसलेले, पोरं रांगेत, वैशाली सगळ्यांत पुढे. मी तरातरा गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "फौजी, खांदा चुकला." ते हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्या पलटणमध्ये ही उजव्यालाच ऱ्हाते." मी हसून म्हटलं, आपण नियमानं जाऊ या. खुर्च्यांवरचेही हसले. मी त्यांच्या खांदपट्टीचं बटण काढलं, दोरी सोडवली आणि डावीकडे लावली. ते सावधान उभे होते. मान हलली नाही, डोळा हलला नाही. वरच्या अधिकाऱ्यासमोर उभं राहावं, तसे माझ्यासमोर उभे राहिले.

मला माहीत नव्हतं — असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. घरी गेल्यावर कपाट उघडलं आणि मग कळलं, असंही सांगत आले. ते खोटं आहे. बटण निघालं आणि ती दोरी बोटांत आली, तेव्हाच मला आठवलं. तोच रंग, तोच पीळ. तशीच एक माझ्या कपाटात होती, देवळालीच्या एका फौजी टेलरकडून घेतलेली. त्यानं दोनदा बजावलं होतं की या पलटणीच्या जुन्या लोकांनी लढाईत पराक्रम केला, त्याचा मान म्हणून यांची दोरी उजवीकडे. चिठ्ठीसुद्धा मीच लिहिली होती.

बटण परत लावता आलं असतं. माझं चुकलं, फौजी — एवढंच म्हणायचं होतं. किती वेळ लागतो त्याला? पण सगळी शाळा बघत होती. मी माझी अब्रू राखली — त्यांची उतरवून.

दुसऱ्या दिवशी वैशाली विचारायला आली. बाई, बाबा एवढी वर्षं चुकीचं घालत होते? तिचे कान लाल झाले होते, तिला बापाची लाज वाटत होती. तेव्हा तर कुणीच बघत नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, असू दे गं, माणूस विसरतो. म्हणजे वर मीच त्यांना माफ केलं.

भामरे पुन्हा शाळेत आले नाहीत. मी आमलीत भाजीला गेले की ते गेटवर दिसायचे आणि दिसले की तेच आधी सलाम करायचे. कडक, पूर्ण. मी मग भाजी दुसरीकडून आणू लागले. त्यांनी घरी मुलीला खरं सांगितलं असेलच. पण त्या वयात बापापेक्षा बाईंचा शब्द मोठा असतो, हे मला चांगलं माहीत होतं.

वैशाली आता पोलिसात आहे, लांबच्या जिल्ह्यात. मागच्या हिवाळ्यात भामरे गेले. मी अंत्यविधीला गेले नाही. पाय दुखतात असं कळवलं. दिवस झाल्यावर तिचा फोन आला. आवाज बसलेला होता. म्हणाली, "बाबांना गणवेश घालूनच नेलं, बाई. आई रडत सांगत होती, दोरी उजवीकडे लाव, त्यांची उजवीकडेच असते. मी ऐकलं नाही. तुम्ही शिकवलं होतं तशी डावीकडे लावली. शेवटचं तरी नीट व्हायला हवं ना?"

ती थांबली. माझ्या बोलण्याची वाट बघत होती. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं.

"बरोबर केलंस, बाळा," मी म्हटलं.