कुंडीत पेरलेल्या चड्ड्या

"भाभी जी, ऊपर वाले बाबूजी गमलों में चड्डी बो रहे हैं," असं कामवालीने सांगितलं, तेव्हा मी पोळी तव्यावरच सोडून गच्चीवर धावले. आमचे भाडेकरू वानखडे खरोखरच तीन कुंड्यांसमोर उकिडवे बसून कोऱ्या पट्टेरी चड्ड्या मातीत गाडत होते. मला बघून ते जराही ओशाळले नाहीत. उलट नायलॉनचा नाडा आत ठेवावा की बाहेर, याबद्दल माझंच मत विचारलं.

वानखडे यवतमाळकडचे. झाशीला सरकारी खात्यात माती तपासायची नोकरी, मुक्काम सीपरी बाजारात आमच्या वरच्या मजल्यावर. आम्ही इथले पिढीजात मराठी, आमच्या बोलण्यात निम्मी हिंदी; त्यांचं अस्सल वऱ्हाडी. एकमेकांच्या मराठीला नावं ठेवण्यात संध्याकाळचा चहा छान जायचा. माणूस असा, की बटाट्याला लागलेली माती आधी हुंगणार, मग भाव विचारणार. कशावरही वाद निघाला की यांचं ठरलेलं: "आपण कोण ठरवणारे बाप्पा? मातीले विचारू."

चड्ड्यांमागचं कारण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. काही वर्षांपूर्वी त्यांनीच थोरल्या भावाच्या गळी बीटी कापूस उतरवला होता, म्हणजे जनुक बदललेलं, बोंडअळीला दाद न देणारं बियाणं. पुढे जमीन टणक झाली, पीक घटलं. तुझ्या बियाण्याने माझी माती मारली, म्हणून दादाने बोलणंच टाकलं. घरच्या लग्नातही दोघे एकमेकांकडे पाठ करून जेवले. बियाण्याचाच दोष असेल ही धास्ती वानखड्यांनाही होती. म्हणून दादाची नजर चुकवून त्यांनी दोन पिशव्या माती आणली होती: एक बीटीच्या वावरातली, दुसरी शेजारच्या तुकड्यातली, जिथे दादाने हट्टाने देशी कापूस धरला होता. तिसऱ्या कुंडीत आमच्या टहरौलीच्या शेतातली, शेणखत खाल्लेली माती. माती जिवंत असली की तिच्यातले जीव सुती कापड फस्त करतात, मेली असली की कापड तसंच राहतं, असा सगळा हिशेब.

पावसाळा सरल्यावर कुंड्या उकरल्या. टहरौलीच्या कुंडीतून नुसता नाडा निघाला. दादाच्या दोन्ही मातींतल्या चड्ड्या मात्र धुऊन घालाव्यात इतक्या शाबूत. बीटीतली आणि देशीतली, दोन्ही सारख्याच.

मी म्हटलं, भाईसाहब, सुटलात तुम्ही! ते चड्डीवरची माती झटकत राहिले.

"एका चड्डीवरून विज्ञान ठरत नाही, ताई. पण बियाण्यावर खापर फोडता येत नाही. दोन्हीकडे कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या जाळल्या, तणनाशक मारलं, शेणाची पाटी कधी पडली नाही. मी सुटलो अन् दादा अडकला. हे त्याले सांगू कसा?"

मातीलाच सांगायला लावा, असं मी चिडवलं. एरवी खो-खो हसणारा माणूस, त्या दिवशी हसला नाही. मलाच वाईट वाटलं.

निवृत्त झाल्यावर ते दोन्ही चड्ड्या घेऊन गावी गेले. दादाने त्या रस्त्यावर भिरकावल्या, हे त्यांनी फोनवर सांगितलं. आता भांडण होणार, असं मला वाटलं. या गृहस्थाने त्या उचलल्या, धुतल्या आणि हद्द म्हणजे वापरायला काढल्या! दादाला दोष देणारा एक शब्द काढला नाही. दादाकडून बांधाकडचा एक पट्टा मागून घेतला, तिथे पऱ्हाट्या बारीक करून मातीत मिसळल्या, शेणखत टाकलं, कपाशीच्या जागी तूर घेतली. आणि दर पावसाळ्यात एक नवी चड्डी गाडली.

परवा माझ्या फोनवर एक फोटो आला. सुरकुतलेल्या अनोळखी हातात मातकट, नुसता नाडा. पाठोपाठ तितकाच अनोळखी आवाज:

"ताई, मी वानखड्याचा दादा. तुमच्या भाडेकरूले समजवा जरा. माह्या वावरात गाडून गाडून यानं घरात एक चड्डी उरू दिली नाही."

मागे वानखडे हसत होते. इतकी वर्षं ते आमच्या गच्चीवर हसले, पण असे कधीच नाही.