कपाटातली झबली

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते. गल्लीतल्या निम्म्या मुलांचे गणवेश तिच्याच मशीनवरून उतरलेले. पोटुशी असताना तिने बाळासाठी मऊ सुती झबली शिवली, धुतली आणि कपाटात ठेवली. बाळ घरी आलं तेव्हा मात्र ती कपाट उघडेना. शेजारणीने दिलेले जुने कपडे त्याला घालायची. पाजून झालं की लगेच म्हणायची, "ताई, घ्या याला."

"शिंपिणीचं पोर आणि उसन्या कपड्यात," शेजारीण चेष्टेने म्हणाली. जाऊ हसली नाही.

बाळंतपण फार वाईट गेलं होतं. तिने तो विषय काढला की दीर म्हणायचा, "झालं गेलं विसर ना आता. पोरगा सुखरूप आहे, देवाचे आभार मान." देवापुढे बसले की मी तिच्यासाठी शांत झोप मागायचे.

एका दुपारी सासूबाई तिच्याजवळ जाऊन बसल्या. त्या तशा फटकळ. "सांग, काय झालं तिथे," म्हणाल्या. "ऐकल्याशिवाय मी उठत नाही."

जाऊ कितीतरी वेळ दुपट्याची कड चाचपत राहिली. मग म्हणाली, "आई, तो रडलाच नाही. फडक्यात गुंडाळून घेऊन गेले. मला टाके घालत होते आणि आपापसात सुट्टीच्या गप्पा मारत होते. कुणी काही सांगेना. मला वाटलं, गेला. पडल्या पडल्या त्याला रडून घेतलं. संध्याकाळी नर्सने हे बाळ आणून कुशीत ठेवलं. हा माझाच आहे, कळतं हो मला. पण झबली त्याची आहेत. गेला त्याची."

सासूबाईंनी तिला वेड्यात काढलं नाही. "माझं पहिलं तर कुणी परत आणूनच दिलं नाही," त्या म्हणाल्या. "मुलगा की मुलगी, तेही विचारू दिलं नाही."

हे या घरात आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. मी चहा ठेवायला म्हणून उठले आणि ओट्यापाशी नुसतीच उभी राहिले.

त्यानंतर ती थोडं थोडं बोलायला लागली, कधी सासूबाईंशी, कधी दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंशी. काही दिवस बरे जायचे, काही दिवस पुन्हा तेच.

काल तिने कपाट उघडलं. एक झबलं बाळाच्या छातीला लावून बघितलं. ते आता त्याला होत नव्हतं. तिने डोळे पुसले, त्याची नीट घडी केली आणि परत आत ठेवलं. "हे त्याचं राहू दे." बाकीच्यांच्या बाजू उसवून ती पट्टी जोडायला बसली.

बाळ तिच्या मांडीला टेकून झोपलं होतं. सवयीने मी हात पुढे केले.

"असू दे, ताई," ती म्हणाली. "इथेच असू दे."