कोलाफळाला इंग्रजी कळत नाही
अडकित्त्यात सुपारी फुटल्याचा आवाज आला की मला नांदेडमधली एक दुपार आठवते. विद्यापीठात शिकताना माझ्या शेजारच्या खोलीत नायजेरियातल्या इग्बो समाजाचा एक विद्यार्थी राहायचा. त्याचे वडील वारले आणि व्हिसाच्या अडचणीमुळे त्याला घरी जाता आलं नाही. तिकडे वडिलांना माती दिली त्या दुपारी तो पिशवीतलं सुपारीसारखं टणक कोलाफळ घेऊन खाली घरमालक चाचांकडे गेला; त्या घरात वयानं तेच मोठे. मीही सोबत होतो. इग्बो लोकांत सर्वांत वडीलधारा माणूस ते फळ हातात धरून पितरांना हाक मारतो, मग फोडून सगळ्यांना देतो. चाचा गोंधळून मला म्हणाले, "मला ह्याची जबान न्हाई येत. त्यालाच म्हणू दे." मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं. "या फळाला इंग्रजी कळत नाही म्हणतात," तो म्हणाला, "आणि मला प्रार्थना इंग्रजीतल्याच येतात. पाद्र्यांनी आजोबांना जुनी पूजा सोडायला लावली. नंतर ती कुणी शिकवलीच नाही." मी ते चाचांना सांगितलं तसे ते हळूच म्हणाले, "मग बापाला नुसती हाक मारायला सांग." त्यानं डोळे मिटले. "न्ना," तो म्हणाला, म्हणजे बाबा. पुन्हा म्हणाला. कूलरच्या घरघरीत ती हाक कुठवर गेली असेल कोण जाणे. चाचांनी अडकित्त्यानं फळ फोडलं आणि ते कडू तुकडे आम्ही तिघांनी चावले. गेल्या साली चाकूरला माझे वडील गेले. माझी भाषा तर कुणी हिरावली नव्हती, तरी मलाही एवढंच म्हणता आलं, "बापू."