कीपरचा आवाज

गोलकीपर हातांनी बॉल अडवतो असं लोकांना वाटतं. निम्मा खेळ तो घशाने खेळतो. उंच बॉल आला की पुढे उभ्या स्टॉपरला, म्हणजे मधल्या बचावपटूला, मागचं काही दिसत नाही. त्याने उडी मारायची की बाजूला व्हायचं, ते कीपरच्या हाकेवर ठरतं. मी ‘कीपर’ म्हणून ओरडलो तर बॉल माझा, नाही ओरडलो तर त्याचा. सत्तरच्या दशकात नागपुरात एका सरकारी खात्याच्या फुटबॉल टीमसाठी मी हे ओरडायचं काम केलं. नोकरीही खेळावरच मिळालेली होती. सकाळी टेबलावर बसायचो ते नावापुरतं.

माझं बूड मात्र कुठेच टिकत नव्हतं. मैदानावर असलो की गाण्यांच्या चाली सुचायच्या, गिटार हातात घेतली की चुकलेला सराव टोचायचा. आम्हा चौघांचा बँड हॉलमध्ये इंग्रजी रॉक वाजवायचा आणि मी त्यात माझी मराठी गाणी घुसडायचो. लोक खालून ‘पिक्चरचं गाणं म्हणा’ म्हणायचे. रविवारी मॅच झाली की तीन दिवस घसा बसलेला. डॉक्टर म्हणाले, एक तर ओरडा, नाही तर गा. मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्हींचा राग येत होता.

आमचा स्टॉपर कामठीचा, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

“तुया आवाज आला का मी डोये झाकून बाजूले होतो गा,” तो म्हणायचा.

नेमकी फायनल आणि आमचा कार्यक्रम एकाच दिवशी आले. मॅच चारला, कार्यक्रम सातला, आणि पहिल्यांदाच सगळी गाणी माझी. मी ठरवलं, आज ओरडायचं नाही, हातवाऱ्यांवर भागवू. दादाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, मग खेळूच नको. जागा दुसऱ्या कीपरला द्यायची माझी तयारी नव्हती. हाव, दुसरं काय!

पहिला हाफ निभावला. मग कॉर्नर आला आणि बॉल वर टांगल्यासारखा राहिला. मी पुढे धावलो, न ओरडता. दादाला मागून काही ऐकू आलं नाही म्हणून त्याने उडी मारली, आणि ते बरोबरच होतं. आम्ही धाडकन आदळलो. बॉल सावकाश गोलात गेला. दादाच्या खांद्याचं हाड मोडलं, आम्ही एका गोलने हरलो.

“कीपर आलेला दिसत नाही का तुले?” कोच दादावर डाफरला.

“मायीच चूक,” दादा म्हणाला. “उगाच उडलो मी.”

मी तिथेही गप्प राहिलो.

संध्याकाळी मात्र गळा असा मोकळा लागला, की माझी मलाच लाज वाटली. कुणीही पिक्चरचं गाणं मागितलं नाही. तिसऱ्या गाण्याला दादा मागच्या रांगेत दिसला, हात गळ्यातल्या झोळीत, अंगावर अजून टीमचीच जर्सी. कार्यक्रम संपल्यावर तो जवळ आला.

“मॅचमंदी तुया आवाजच नाही निघाला. मले वाटलं, घसा गेला याचा, आता गाते कसा. म्हणून दवाखान्यातून सीधा आलो.” बोलता बोलता तो थांबला. “गळा तं मोकळा हाये तुया. बॉल तुयाच होता ना गा?”

“हो.”

“मंग सांगाचं होतं.”

एवढंच बोलून तो कामठीच्या बसला गेला. तो पुन्हा खेळला नाही.

त्याच आठवड्यात मी राजीनामा दिला आणि पुढे वीस वर्षं गाऊन पोट भरलं. टीमला खरं काय ते सांगायचं मनात होतं, राहूनच गेलं. जुने खेळाडू अजून भेटतात, माझ्या गाण्यांची तारीफ करतात. फायनलचा विषय निघाला की हळहळतात, दादाने तेव्हा उगाच उडी मारली म्हणून.