नावावरचं कुंकू

नसरापुरात माझं अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. लोक कागदांचे फोटो मेलवर पाठवतात, आणि ते कसे पाठवतात हे सांगायला बसले तर माझं डोकं पुन्हा फिरेल. आधार कार्डाच्या जागी रेशन कार्ड, दाखल्याच्या जागी भाताच्या खाचरात उभं राहून काढलेला स्वतःचा फोटो. फाइलला नाव म्हणून नुसते आकडे. एकेक उघडून बघण्यात अख्खी सकाळ जायची. म्हणून यंदा मी एआयचं मदतनीस घेतलं. मेल आला की ते आतले कागद स्वतःच उघडतं, वाचतं आणि बाजूला लिहून ठेवतं: हा सातबारा, हा उलटा आलाय, याची मुदत संपली.

पहिले काही दिवस मी कामापेक्षा त्याची परीक्षाच जास्त घेतली. मुद्दाम वाण्याची यादी पाठवली. त्यानं लिहिलं, 'हा सरकारी कागद नाही. घरसामानाची यादी दिसते. साखर दोनदा लिहिली आहे.' यादी मीच केलेली, आणि साखर खरंच दोनदा होती! याला दिसतं तरी कसं, हा किडा काही माझ्या डोक्यातून जाईना.

अशात गुंजवणे गावच्या एका मुलीचा मेल आला. ती पुण्यात शिकते. नोकरीच्या अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. घरची जमीन धरणात गेलेली, त्यामुळे प्रकल्पग्रस्ताचा दाखला जोडला तर राखीव जागेसाठी तिचा विचार होणार, नाहीतर अर्ज बाद. दाखला तिच्या वारलेल्या वडिलांच्या नावचा, गावी आईजवळ ठेवलेला. शेजाऱ्यानं त्याचा फोटो काढून मुलीला धाडला आणि मुलीनं मला.

मदतनिसानं लिहिलं, 'दाखलाधारकाच्या नावावर लाल थर आहे. नाव वाचता येत नाही. बाकी कागद स्वच्छ आहे, त्यामुळे थर मुद्दाम दिलेला वाटतो. खाडाखोड असू शकते. पाठवण्याआधी खात्री करा.'

मी फोटो उघडला आणि हसायलाच लागले. लॅमिनेशन केलेला दाखला आणि त्यावर कुंकू! आमच्याकडे दसऱ्याला विळ्या-कोयत्यापासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, कागदपत्रंही सुटत नाहीत. कुठंतरी बोट टेकलं असेल. मुद्दाम म्हणे! याला काय कळतंय?

तरी उत्सुकता होतीच. मी विचारलं, खाली कुणाचं नाव असेल? त्यानं मुलीच्या वडिलांचं नाव लिहिलं आणि पुढं जोडलं, 'हा अर्जावरून केलेला अंदाज आहे. दाखल्यावर ते दिसलेलं नाही.' हा सरळपणा मला आवडला. पण अंदाजावर कचेरी थोडीच चालते? मी मुलीच्या आईला फोन करून मूळ दाखला घेऊन बोलावलं.

ती दुपारी जीपनं आली. पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला दाखला काढून तिनं टेबलावर ठेवला. मी ओलं कापड घेतलं, तर तिनं माझा हात धरला.

"थांब बाई. तितं पुसू नगं."

"अहो मावशी, नाव दिसत नाही. पोरीचा अर्ज बाद होईल. बोट जरा बाजूला टेकायचं की!" मी तडकलेच.

"बाजूला कशाला? म्या मुद्दामच तितं लावते. मला वाचता येत न्हाई. दाकला आनला तवा ह्यांनी बोट ठिवून दावलं व्हतं, म्हनले, 'हे बघ, हितं माजं नाव हाय.' ती जागा म्या ध्यानात ठिवली. ते गेल्यापास्नं दर दसऱ्याला तितंच लावते."

मला लाज वाटली. त्या यंत्राला कुंकू म्हणजे काय ते ठाऊक नसेल, पण हे मुद्दाम आहे एवढं तरी त्याला दिसलं होतं. मी जन्मभर कुंकू बघत आले, आणि मला मात्र ते नुसतं टेकलेलं बोट वाटलं.

तिनं विचारलं, "पुसलं तर पोरीचं काम व्हईल का?"

"अर्ज तरी जाईल."

मग माझ्या हातातलं कापड घेऊन तिनं स्वतःच पुसलं. दोन-तीन वर्षांचे थर असावेत, कापड लालभडक झालं. मी फोटो काढून पाठवला. मदतनिसानं लिहिलं, 'नाव स्पष्ट आहे. अर्जाशी जुळते.' अर्ज गेला, पोच आली.

"काय म्हनतंय ते?" तिनं विचारलं.

"नाव वाचता आलं म्हणतंय."

"मंग मला बी वाचून दाव की. ते गेल्यापास्नं त्यांचं नाव माज्यासमोर कुनी घेतच न्हाई. मला वाईट वाटंल म्हनत्यात."

मी दाखला तिच्याकडे सरकवला आणि आडनावासकट सगळं नाव मोठ्यानं वाचलं.

"आजून येकदा," ती म्हणाली.