उपविधी, भाग दुसरा

वडिलांचं पुस्तक मी स्वतःच्या हातानं रद्दीवाल्याला दिलं आणि आठवडाभर संशय बायकोवर घेतला.

त्याचं असं झालं. आयुष्य सहकार खात्यात गेलं, त्यामुळं घरात नियमांची पुस्तकं बरीच. आणि पाहुण्यानं वाचायला नेलेली कादंबरी परत येत नाही, हा अनुभवही बराच. म्हणून लाडक्या पुस्तकांना मी खाकी कव्हर घालायचो आणि पाठीवर लिहायचो, ‘सहकारी संस्थांचे उपविधी, भाग दुसरा’. कुणी म्हणून हात लावला नाही.

मागच्या वर्षी लेकीनं पुस्तकं वाचायचं यंत्र पाठवलं. वहीएवढं, पण आत अख्खं कपाट. बायकोनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि सहज विचारलं, आता एक फळी रिकामी होईल का. त्या ‘सहज’वरच माझा संशय बसला. कसर लागू नये म्हणून पुस्तकांत कडुनिंबाचा पाला ठेवतो, त्याची पानं मोजायला लागलो. वर कपाटाला कुलूप. शेवटी तीच वैतागली. म्हणाली, मी हात लावत नाही, तुम्हीच काढा. मी ऐटीत दोन पिशव्या उपविधी काढले आणि उस्मानपुऱ्यात रद्दी आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानात देऊन आलो.

पुढं एकदा वडिलांची आवडती कादंबरी यंत्रात वाचत होतो. अक्षर मोठं, उजेड चांगला, समास मात्र कोरा. वडील पेन्सिलीनं समासात लेखकाशी भांडायचे. ‘हे खोटं.’ ‘असं कोण बोलतं?’ त्यांचं अक्षर घरात दुसरीकडं कुठंच नाही. उठून कपाट उघडलं. पुस्तक नव्हतं.

किल्ली माझ्या खिशात असते. पण अंघोळीला गेलो की सदरा खुंटीवर असतो, तेवढा वेळ पुरे. बायकोला आडून विचारलं. मला काय माहीत, म्हणाली. फारच शांतपणं म्हणाली. आठवड्यानं ती पैठणला माहेरी निघाली, तर पिशवी जरा जास्तच फुगलेली. ती चहा टाकायला गेल्यावर मी आत हात घातला. चौकोनी, कडक काहीतरी लागलं. ओढून काढलं तर पापडाचा डबा. मागं ती कप घेऊन उभी.

सगळं सांगावं लागलं. तिनं एवढंच विचारलं की पाठीवर काय लिहिलं होतं. उत्तर देताना माझा आवाज बारीक होत गेला.

माहेर राहिलं, रिक्षा उस्मानपुऱ्याकडं वळली. बाकीचे उपविधी वजनावर कधीच गेले होते. खाकी कव्हर नीटनेटकं दिसलं म्हणून हे एक दुकानदारानं विकायला मांडलं होतं. पण नाव बघून कुणी उचलतच नाय, म्हणाला. मी उघडलं. ‘हे खोटं’ जागेवर होतं. पुस्तक छातीशी धरून मी बायकोकडं जरा विजयानंच पाहिलं. शेवटी माझ्या कव्हरानंच वाचवलं की नाही?

“अहो,” ती म्हणाली, “तुमच्या पुस्तकांना आपल्या घरात एकाच माणसाचा धोका हाय. अन् कपाटाची किल्ली नेमकी त्याच्याच खिशात असती.”